नोकरी सांभाळून, गावात राहून, परवडेल अशी पीएचडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी एका वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते. नोकरी, घर आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं सांभाळत मी पीएचडी केली. आता माझ्याकडे संशोधक विद्यार्थी आहेत आणि आठवड्यातून एक तरी फोन येतो, "मॅडम, घरबसल्या पीएचडी कुठून करता येईल? फी कमी हवी आणि पदवी चालायला हवी." फोन करणाऱ्यांत शिक्षक असतात, बँकेत किंवा कृषी खात्यात नोकरी करणारे असतात, दुबईतून बोलणारे अभियंतेही असतात. त्यांना मी जे सांगते ते इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

भारतात दूरस्थ पद्धतीने पीएचडी करता येते का?

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २००९ आणि २०१६ च्या पीएचडी नियमावल्यांत दूरस्थ पद्धतीने पीएचडी चालवायला स्पष्ट मनाई होती. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी २०२० मध्ये वेगळी नियमावली आली, तिनेही पीएचडीला त्या वाटेने परवानगी दिली नाही. एम.ए., एम.कॉम., एमबीए दूरस्थ पद्धतीने होतात आणि चालतातही. पीएचडी तशी होत नाही.

म्हणजे "डिस्टन्स पीएचडी, यूजीसी मान्यताप्राप्त" असा फलक दिसला तर तिथे पुढची चौकशीही करायची गरज नाही. विद्यापीठ खरं असेल, त्याचे बाकीचे अभ्यासक्रम उत्तम असतील, तरी ही एक गोष्ट त्याला देता येत नाही.

मग नोकरी करणाऱ्यांनी काय करायचं?

अर्धवेळ पीएचडी. बहुतेकांना खरं तर हीच हवी असते, फक्त तिचं नाव त्यांना माहीत नसतं. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या यूजीसीच्या नव्या पीएचडी नियमावलीत अर्धवेळ पद्धतीला स्पष्ट परवानगी आहे. अट इतकीच की पूर्णवेळ संशोधकाला लागू असलेले सगळे नियम अर्धवेळवाल्यालाही लागू राहतात. तोच कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे वर्ग आणि त्यांची परीक्षा, तीच सहामाही प्रगती तपासणी, तेच बाहेरचे परीक्षक, तीच खुली मौखिक परीक्षा. पदवीही तीच मिळते.

अर्धवेळ आणि दूरस्थ यांतला फरक नीट समजून घ्या. अर्धवेळमध्ये तुम्ही विद्यापीठाचे किंवा त्याच्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्राचे नोंदणीकृत विद्यार्थी असता. कोर्सवर्कला हजर राहावं लागतं, मार्गदर्शकाला भेटावं लागतं, संशोधन सल्लागार समितीपुढे बसावं लागतं. बाकीचं वाचन, लेखन, क्षेत्रकाम मात्र तुमच्या वेळेनुसार आणि तुमच्या गावातून करता येतं. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या आणि मोठ्या तालुक्यांच्या ठिकाणी अनेक महाविद्यालयांना संशोधन केंद्र म्हणून मान्यता आहे. तुमच्या घरापासून तासाभराच्या एसटी प्रवासावर असं केंद्र असण्याची शक्यता बरीच आहे. ते आधी शोधा आणि मग दिल्ली, जयपूर, लंडनचा विचार करा.

एनओसी कशी असावी लागते?

यावर लोक अडतात म्हणून सविस्तर सांगते. २०२२ च्या नियमांनुसार अर्धवेळ प्रवेशासाठी तुम्ही जिथे नोकरी करता तिथल्या सक्षम अधिकाऱ्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात. उमेदवाराला अर्धवेळ शिक्षणाची परवानगी आहे. त्याच्या कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल. आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल.

"आमची हरकत नाही" एवढं एका ओळीत लिहून आणलेलं पत्र परत येतं. मसुदा तुम्हीच तयार करून न्या, साहेबांना फक्त सही करायची असेल तर काम लवकर होतं. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या आणि अनुदानित संस्थांतल्या शिक्षकांनी तर लेखी पूर्वपरवानगीशिवाय अर्जच भरू नये. पदवी हातात आल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्यायची वेळ येते, तेव्हा पहिल्यांदा विचारतात ते हेच की परवानगी कधी घेतली होती.

इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केली तर ती दूरस्थ पीएचडी होत नाही का?

होत नाही. मुक्त विद्यापीठाचे बाकीचे अभ्यासक्रम दूरस्थ असले, तरी पीएचडी द्यायची तर त्यांनाही यूजीसीची पीएचडी नियमावली पाळूनच द्यावी लागते. म्हणजे प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, मार्गदर्शक, समिती सगळं आलं. पदवीच्या वेळी "ही पीएचडी यूजीसीच्या अमुक वर्षाच्या नियमावलीनुसार दिली आहे" असं प्रमाणपत्र मागून घ्या. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत ते मागतात.

प्रवेशासाठी काय लागतं?

दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतरची एक वर्षाची, आणि त्यात ५५ टक्के. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमिलेयर ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं असेल तर ७५ टक्के लागतात. एम.फिल., म्हणजे पीएचडीआधीची छोटी संशोधन पदवी, २०२२ च्या नियमांनी बंदच केली आहे. आज कुणी तुम्हाला एम.फिल.ला प्रवेश देत असेल तर तिथून उठा.

प्रवेश परीक्षेच्या बाबतीत २०२४ पासून मोठा बदल झाला. नेट, म्हणजे यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आता तीन गटांत निकाल देते: कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह (जेआरएफ), सहायक प्राध्यापक पात्रतेसह आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांना प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि पीएचडीपुरते ते गुण एक वर्षच चालतात. कित्येक विद्यापीठं स्वतःची 'पेट', म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षाही घेतात. तिच्या तारखा दरवर्षी ठरलेल्या नसतात, म्हणून जवळच्या दोन-तीन विद्यापीठांची संकेतस्थळं महिन्यातून एकदा पाहायची सवय लावा. आमच्या एका सहकाऱ्याचं एक अख्खं वर्ष, अर्जाची मुदत चार दिवसांनी हुकल्यामुळे गेलं.

किती वर्षं लागतात?

कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा. शिवाय महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने बाईला गाव बदलावं लागलं तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात हलवण्याची तरतूदही नियमांत आहे. ही तरतूद फार कमी मुलींना माहीत असते. लग्न ठरलं म्हणून नोंदणी रद्द करून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

"दीड वर्षात पीएचडी" असं कुणी म्हणालं तर तीन वर्षांची किमान अट त्याच्यापुढे ठेवा.

खर्च किती येतो?

राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत वर्षाची फी हजारांत असते, खासगी आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांत ती लाखांत जाते. पण फीचा आकडा हा खर्चाचा एक भाग झाला. फोन करणारे त्याच्याबद्दलच विचारतात, म्हणून बाकीचं सांगते.

मार्गदर्शकाकडे जाण्या-येण्याचा खर्च पाच-सहा वर्षं चालतो. मार्गदर्शक शेजारच्या तालुक्यात असेल तर महिन्याला दोन एसटी फेऱ्या, पाचशे किलोमीटरवर असेल तर रेल्वे, मुक्काम आणि बुडालेली रजा. क्षेत्रकाम असेल तर त्याचा प्रवास वेगळा. विज्ञानातल्यांना रसायनं आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुने तपासून घेण्याचे पैसे लागतात, आणि ते फीपेक्षा जास्त होऊ शकतात. प्रबंध सादर करताना वेगळं शुल्क, छपाई, बांधणी. मुदतवाढ घेतली तर त्याचं शुल्क. हे सगळं प्रवेशाआधी त्याच विभागात सध्या संशोधन करणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला चहा पाजून विचारून घ्या. माहितीपुस्तिकेत हे सापडत नाही.

आता दुसरी बाजू. पूर्णवेळ करणं शक्य असेल तर पीएचडीला पैसे लागण्याऐवजी मिळू शकतात. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि पुढच्या टप्प्यात ४२,०००. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लाभार्थी गटांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. या पूर्ण वेळ संशोधन करणाऱ्यांसाठी असतात, पक्क्या नोकरीत असलेल्याला त्या मिळत नाहीत. तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात राबणाऱ्या तरुणांनी तर हा हिशेब कागदावर मांडूनच पाहावा. अर्धवेळ पीएचडी आणि तासिका यांच्यात ओढाताण करून घेण्यापेक्षा नेट-जेआरएफसाठी एक वर्ष नेटाने अभ्यास करणं कित्येकांना जास्त परवडेल.

मार्गदर्शक कसा निवडावा?

पीएचडीत एवढा एकच निर्णय पुन्हा पुन्हा विचार करून घ्यावा असं मला वाटतं. विद्यापीठाचं नाव, फी, अंतर हे सगळं त्यानंतर.

आधी जागा मोजा. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा जागा आहे का आणि सर निवृत्त कधी होणार, हे दोन प्रश्न संकोच न करता विचारा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची विषयवार यादी असते. "मी तुमचा गाईड होईन" असं म्हणणाऱ्याचं नाव तिथे नसेल तर विषय संपला.

मग 'शोधगंगा' उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेला हा देशभरातल्या प्रबंधांचा साठा आहे, आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो. मार्गदर्शकाचं नाव टाकून त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले प्रबंध काढा. दोन वाचा, निदान पहिलं आणि शेवटचं प्रकरण. त्यांत प्रश्न नेमका आहे का? सगळ्या प्रबंधांची शीर्षकं एकाच साच्यातली आहेत का, फक्त जिल्ह्याचं नाव बदललेलं? "अमुक जिल्ह्यातील बचत गटांचा अभ्यास", "तमुक जिल्ह्यातील बचत गटांचा अभ्यास" अशी रांग लागलेली दिसली तर तुमचाही विषय त्याच रांगेत उभा राहणार.

त्यानंतर त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटा, आणि पूर्ण केलेल्यांबरोबर सोडून गेलेल्यांनाही. सर किंवा मॅडम लिहिलेलं वाचतात का, वाचून परत किती दिवसांत देतात, घरची कामं सांगतात का, पेपरवर स्वतःचं नाव पहिलं घालतात का. हे प्रश्न विचारायला अवघड वाटतात. पण सहा वर्षं ज्या माणसाबरोबर काढायची, त्याच्याबद्दल आपण लग्नाच्या बोलणीत जेवढी चौकशी करतो तेवढी तरी करावी.

मला स्वतःला पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. माझी प्रकरणं महिनोन् महिने टेबलावर पडून राहायची आणि मी विचारायला घाबरायचे. शेवटी समितीपुढे लेखी अर्ज देऊन मार्गदर्शक बदलून घेतला. ते करता येतं. मला तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर ती दोन वर्षं वाचली असती.

विद्यापीठ खरं आहे की नाही, हे कसं तपासायचं?

पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला असतो. १९५६ च्या यूजीसी कायद्याचं कलम २२ तसं सांगतं. यूजीसीच्या संकेतस्थळावर केंद्रीय, राज्य, अभिमत आणि खासगी अशा चारही प्रकारांच्या याद्या आहेत, तसंच बनावट विद्यापीठांचीही यादी आहे. त्या बनावट यादीत नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे, तेव्हा असे प्रकार फक्त उत्तरेकडे होतात असं समजू नका.

पण नाव यादीत आहे एवढ्यावर थांबू नका. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पीएचडीचे नियम न पाळल्याबद्दल २०२५-२६ ते २०२९-३० अशी पाच वर्षं पीएचडी प्रवेश द्यायला मनाई केली. ही तिन्ही कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं होती. म्हणून यूजीसीच्या जाहीर सूचनांच्या पानावर त्या विद्यापीठाचं नाव शोधून पाहा.

दुसरी खूण म्हणजे 'स्टडी सेंटर'. दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचं पीएचडी केंद्र पुण्यात किंवा नाशिकमध्ये एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालत असेल तर तिकडे वळूच नका. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याने भराभर खासगी विद्यापीठांना परवानगी दिली होती. ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला, तेव्हा अशा विद्यापीठांची संख्या शंभराच्या वर गेली होती. त्यांतली कित्येक केवळ एका खोलीत चालत होती. यशपाल सर नसते तर आज काय चित्र असतं याची कल्पनाही करवत नाही.

नॅक, म्हणजे महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी परिषद. तिची श्रेणी संस्थेच्या दर्जाचा अंदाज देते. पीएचडी देण्याचा अधिकार त्यातून येत नाही. 'ए प्लस' पाहून निर्धास्त होऊ नका.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी भारतात चालेल का?

एड-टेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्यांच्या जाहिरातींमुळे हा प्रश्न वाढला आहे. २८ ऑक्टोबर २०२२ रोजी यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) या दोन्ही संस्थांनी मिळून सूचना काढली होती: एड-टेक कंपन्यांनी परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून देऊ केलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. त्यानंतर जाहिरातींत पीएचडीऐवजी 'डीबीए' दिसायला लागलं.

डीबीए म्हणजे व्यवस्थापनातली व्यावसायिक डॉक्टरेट. चांगल्या विद्यापीठाची डीबीए ही गंभीर पदवी असते, त्यात काही खोटं नाही. पण फ्रान्समध्ये, उदाहरणार्थ, बिझनेस स्कूलची डीबीए ही त्या शाळेची स्वतःची पदवी असते आणि राष्ट्रीय डॉक्टरेट वेगळी. हा फरक विक्रेता सांगत नाही. कॉर्पोरेट नोकरीत असाल, कंपनी पैसे भरत असेल आणि शिकायचं म्हणून शिकायचं असेल तर विचार करा. भारतात प्राध्यापक व्हायचं असेल तर ते पैसे वाया जातील.

परदेशी पीएचडी घेऊन इथे सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर २०१८ च्या यूजीसी नियमांत नेटमधून सूट आहे, पण ती पदवी क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघायच्या क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या विद्यापीठाची हवी. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने नवी नियमावलीही काढली आहे. पैसे भरण्याआधी ती वाचा आणि ज्या विद्यापीठात पुढे अर्ज करायचा आहे तिथल्या कुलसचिवांना पत्र लिहून विचारा. उत्तर लेखी घ्या.

मी परदेशात राहतो. माझ्यासाठी परवडणारे पर्याय कोणते?

इथे चित्र वेगळं आहे. तुमची पदवी तुम्ही राहता त्या देशात चालणार असेल तर दूरस्थ डॉक्टरेटचे काही खरे आणि स्वस्त मार्ग आहेत.

पहिलं नाव मी घेते ते दक्षिण आफ्रिकेच्या युनिसाचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिकाचं. १८७३ मध्ये केपटाउनमध्ये परीक्षा घेणारी संस्था म्हणून ती सुरू झाली, पुढे प्रिटोरियाला गेली आणि १९४६ पासून पत्राद्वारे शिकवू लागली. नेल्सन मंडेला यांनी कायद्याची पदवी तुरुंगातून १९८९ मध्ये याच विद्यापीठातून पूर्ण केली. सार्वजनिक विद्यापीठ, दूरस्थ शिक्षण हाच मूळ व्यवसाय, फी रँड या तिथल्या चलनात. संशोधनावर आधारित डॉक्टरेट, आधी प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा आणि मग प्रबंध. अडचण मार्गदर्शक मिळण्याची असते. त्यामुळे विषय त्यांच्या विभागात चालू असलेल्या संशोधनाशी जुळवून प्रस्ताव लिहावा लागतो.

ब्रिटनमध्ये काही विद्यापीठं अंतरावरून अर्धवेळ पीएचडी करू देतात, साधारण सहा वर्षांची, अधूनमधून भेट द्यावी लागणारी. तिथे स्थायिक असाल तर तुम्हाला 'होम' दराने फी लागते, आणि ती आंतरराष्ट्रीय दराच्या मानाने खूपच कमी असते. पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांची सरकारी यादी आहे, ती पाहा.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. संस्थेची मान्यता म्हणजे अॅक्रेडिटेशन, आणि ते देणारी संस्था अमेरिकी शिक्षण खात्याने किंवा 'चिया' या परिषदेने ओळखलेली हवी. बोगस विद्यापीठं स्वतःची बोगस मान्यता देणारी संस्थाही काढतात, म्हणून विद्यापीठ तपासल्यावर त्याला मान्यता देणाऱ्याचंही नाव तपासा. राज्याचा व्यवसाय परवाना म्हणजे मान्यता नव्हे. 'डीईएसी' ही दूरस्थ शिक्षणाची मान्यता देणारी संस्था खरी आहे आणि तिच्या मान्यतेतली विद्यापीठं स्वस्तही असतात, पण तिचा अधिकार व्यावसायिक डॉक्टरेटपर्यंत आहे. ईडीडी (शिक्षणशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट), डीबीए ठीक. पीएचडीच हवी असेल तर एचएलसी, एसएसीएससीओसी, मिडल स्टेट्स अशा जुन्या प्रादेशिक संस्थांची मान्यता पाहा. शिक्षण खात्याने २०२० मध्ये प्रादेशिक आणि राष्ट्रीय हा भेद कागदावरून काढला, तरी नोकरी देणारे आणि दुसरी विद्यापीठं तो अजून मनात धरतात.

जर्मनीत पदवी दाखवायची असेल तर 'अनाबिन' या माहितीसाठ्यात संस्थेपुढे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त असल्याची खूण, आहे का ते पाहा.

अपोस्टिल, आयएसओ, युनेस्कोच्या यादीत नाव: यांना किती महत्त्व द्यावं?

मान्यतेच्या दृष्टीने काहीच नाही. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा आहे एवढीच खातरजमा. आयएसओ व्यवस्थापन पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, ते रुग्णालयाला आणि कारखान्यालाही मिळतं. युनेस्कोशी जोडलेली जगातल्या उच्च शिक्षण संस्थांची सूची ही माहितीसाठीची सूची आहे, त्यात नाव असणं म्हणजे अॅक्रेडिटेशन नव्हे.

एका संस्थेने मला मानद डॉक्टरेट देऊ केली आहे. काही हजार भरायचे आहेत.

भरू नका. मानद पदवी विकत घ्यायची नसते. खरं विद्यापीठ ती दीक्षान्त समारंभात, आपल्या कायद्यानुसार देतं आणि पैसे मागत नाही. हॉटेलच्या सभागृहात टोपी-गाउन घालून वाटली जाणारी 'डॉक्टरेट' ही पदवीच नाही. ज्यांनी समाजात चाळीस वर्षं खरोखर काम केलं अशी भली माणसंही यात फसतात, गावात फ्लेक्स लागतात आणि नंतर त्यांची मान खाली जाते. त्यांच्या कामाला त्या कागदाची गरजच नव्हती.

प्रबंध लिहून देणारे, पेपर छापून देणारे यांच्याबद्दल?

इथे मी कठोर आहे. पैसे देऊन प्रबंध लिहून घेणं ही फसवणूक आहे आणि खुल्या मौखिक परीक्षेत ती दोन प्रश्नांत उघडी पडते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साहित्यचौर्याच्या पातळ्या ठरवल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालून जातं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द.

पेपरांबाबत मात्र दिलासा आहे. प्रबंधापूर्वी संशोधनपत्रिकेत लेख छापण्याची सक्ती २०२२ च्या केंद्रीय नियमांतून गेली. विद्यापीठ स्वतःचे नियम ठेवू शकतं, ते विचारून घ्या. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य संशोधनपत्रिकांची यादी, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "केअर लिस्टेड, आठ दिवसांत छापू" म्हणणाऱ्यांना आता काहीच आधार उरलेला नाही. तरीही निदान एक चांगला लेख लिहाच. परीक्षकाआधी अनोळखी वाचकाने आपलं लेखन वाचलेलं बरं असतं.

सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएचडी लागतेच का?

नाही. जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर मात्र पीएचडी लागते. कनिष्ठ महाविद्यालयात किंवा शाळेत असाल तर आपल्या पदोन्नतीला या पदवीचा प्रत्यक्ष काय उपयोग होतो हे आधी कार्यालयातून समजून घ्या. उपयोग शून्य असूनही विषयाच्या ओढीने करणारे आहेत, आणि त्यांचे प्रबंध बहुधा सर्वात चांगले असतात.

वय पन्नाशीला आलं आहे. उशीर झाला का?

प्रवेशाला वयाची कमाल मर्यादा नियमावलीत नाही. अडचण तब्येतीची आणि निवृत्तीआधी लाभ मिळण्याची असू शकते. सहा वर्षांचा हिशेब धरून सेवा किती उरते ते पाहा.

विषय अजून ठरलेला नाही. सुरुवात कुठून करू?

या आठवड्यात तीन कामं करा. जवळच्या विद्यापीठाची आपल्या विषयातल्या मार्गदर्शकांची यादी उतरवून घ्या. शोधगंगेवर आपल्या जिल्ह्यावर आणि आपल्या विषयावर गेल्या दहा वर्षांत काय झालं ते पाहा आणि एक प्रबंध सलग वाचा. वाचताना "यांनी हे का नाही विचारलं?" असं जिथे जिथे वाटलं, तिथे पेन्सिलने खूण करून पान क्रमांक वहीत लिहा. मार्गदर्शकाला पहिल्यांदा भेटायला जाताना ती वही बरोबर न्या. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी हेच विचारते, "काय वाचलं?"